वासरं एकेकटी ठेवावीत की जोडीनं? वाढीत खरंच फरक पडतो का?

पारनेरची गोठेवाली

नमस्कार मंडळी. पारनेर तालुक्यात आमचा १४ संकरित होल्स्टीन गाईंचा गोठा आहे. गाई मुक्त गोठ्यात असतात. वासरं मात्र मागच्या बाजूला लोखंडी पाइपच्या वेगवेगळ्या कप्प्यांत, चार फूट बाय पाच फुटाच्या. दोन कप्प्यांच्या मध्ये पत्रा ठोकलाय, एकाची हगवण दुसऱ्याला लागू नये म्हणून. एका प्रशिक्षणात तसंच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून मरतूक कमी झाली हेही खरं.

अडचण आहे ती वाढीची. दूध तोडलं की वासरू बसतं. आठवडा-दहा दिवस खुराकाला नीट तोंड लावत नाही, कणा वर येतो, केस राठ दिसायला लागतात. पुढे तिला मोठ्या कालवडींच्या वाड्यात सोडली की ती कोपऱ्यात उभी राहते, गव्हाणीकडे येतच नाही. आमच्या ओळखीत एका गोठ्यावर तीन-चार वासरं एकत्र असतात. त्याच वयाच्या त्यांच्या कालवडी आमच्यापेक्षा अंगानं भरलेल्या आहेत.

धाकटे दीर म्हणतात, पत्रे काढून टाकू. सासरे म्हणतात, एकत्र केली की वासरं एकमेकांची बेंबी नि सडं चोखतात, कालवडीचं सड कायमचं जातं. दोघंही गोठ्यात राबणारे आहेत, त्यामुळे कुणाचंच म्हणणं मला उडवून लावता येत नाही.

सध्या दूध सकाळी दीड आणि संध्याकाळी दीड लिटर, बादलीनं. खुराक पंधराव्या दिवसापासून. आत्ता गोठ्यात ९ दिवसांची, २० दिवसांची आणि अडीच महिन्यांची अशा तीन कालवडी आहेत. ज्यांनी दोन्ही पद्धती पाहिल्यात त्यांनी सांगावं.

करवीरकर

ताई, पत्रे काढायची घाई करू नका. आमच्याकडे गाई जास्त आहेत आणि वासरं पहिले दोन महिने एकेकटीच असतात. कारण साधं आहे. सकाळी फेरी मारली की कुणी दूध सोडलं, कुणाचं शेण पातळ आहे, कुणाचे कान पडलेत, हे एका नजरेत कळतं. चार वासरांच्या कप्प्यात पातळ शेण पडलेलं दिसलं तर ते कुणाचं, हे शोधेपर्यंत अर्धा दिवस जातो, आणि पहिल्या तीन आठवड्यांतल्या हगवणीत अर्धा दिवस म्हणजे फार झाला. तेवढ्यात वासराच्या अंगातलं पाणी संपतं.

सडं चोखण्याचंही तुमचे सासरे बरोबर सांगतात. पहिल्या वेताला एक सड बंद निघालेली कालवड मी पाहिली आहे.

माणदेशी

ताई, मी माण तालुक्यातली. आमच्याकडे संकरित होल्स्टीन आणि थोड्या जर्सी आहेत, वासरांचं सगळं मीच बघते. तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधी सांगते. वासरू पहिले तीन-चार दिवस एकटं ठेवा. चीक पोटभर जाऊ द्या, बेंबीला टिंक्चर आयोडीन लावून ती सुकू द्या, बाटलीचं निपल त्याला ओढता येऊ द्या. त्यानंतर आठवड्याच्या आतच त्याला बरोबरीच्या वयाचा जोडीदार द्या. दहा-बारा वासरांचा, लहान-मोठी मिसळलेला कळप मात्र करू नका. दोन बरी, तीनही चालतील.

दूध तोडल्यावर तुमचं वासरू बसतं, कारण तोवर ते खुराक खायला शिकलेलंच नसतं. वासरू दूध पितं ते कोटीपोट, म्हणजे पहिलं मोठं पोट, टाळून थेट चौथ्या पोटात जातं. कोटीपोट जागं होतं ते खुराकानं. दाणा आंबतो, त्यातून आम्लं तयार होतात आणि त्यांच्यामुळे कोटीपोटाच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे वाढतात. ते वाढलेले नसतील तर दूध तोडल्या दिवशी वासरू खरोखर उपाशी पडतं, समोर घमेलंभर खुराक असला तरी. मग ज्या वाढीसाठी दोन महिने राबलो ती दहा दिवसांत अंगावरून उतरते.

आता यात जोडीदाराचं काय काम? एकटं वासरू घमेल्याकडे बघत बसतं. दोन असली की एकानं तोंड घातलं की दुसरं लगेच नाक खुपसायला येतं. कधी खेळत, कधी हुसकावत, पण खुराक पोटात जातो. आमच्या गोठ्यात हे मी रोज बघते आणि बाहेरच्या प्रयोगांतही हेच दिसलंय. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं आगासी इथं दूधगाईंचं संशोधन केंद्र आहे. तिथला २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. काही वासरांना साधारण सहाव्या दिवशी जोडीदार दिला, काहींना सहा आठवड्यांनी, काही एकटीच ठेवली. दूध सगळ्यांना भरपूर. दहा आठवड्यांत लवकर जोडी लावलेल्या वासरांचं वजन दिवसाला सुमारे ८९० ग्रॅमनं वाढलं. उशिरा जोडी लावलेल्यांचं आणि एकट्यांचं ७३० ते ७६० ग्रॅमच्या दरम्यान राहिलं. म्हणजे उशिरा दिलेल्या जोडीदाराचा वजनाला जवळजवळ उपयोग झाला नाही. तुमच्या ओळखीतल्या गोठ्यावरची वासरं भरलेली दिसतात त्याचं एक कारण हे असू शकतं. दुसरं कारण दूध असणार, आणि ते तुम्ही त्यांना विचाराच.

सगळ्याच प्रयोगांत इतका फरक दिसत नाही, हेही सांगायला हवं. काही ठिकाणी एकटी आणि जोडीची वासरं सारखीच वाढली. दूध कमी पाजलं जातं तिथे फरक पुसट राहतो. एकटं वासरू जास्त वाढलं असं मात्र क्वचितच आढळतं.

दुसरी गोष्ट तुमच्या कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या कालवडीची. तिची मला खरंच कणव वाटली. जी जन्मल्यापासून पत्र्याआड राहिली, तिला एकाच दिवशी दूधही नाही, ओळखीची जागाही नाही आणि समोर अनोळखी मोठ्या कालवडी, हे सगळं सोसायला लावतो आपण. आगासीच्याच केंद्रात वासरांना पडद्यावरचा रंग ओळखायला शिकवलं होतं, ठरावीक रंगाकडे गेलं की दूध मिळायचं. सुरुवातीचं शिकणं दोन्ही गटांना जमलं. पण नंतर नियम उलटा केला तेव्हा एकटी वाढलेली वासरं जुन्याच सवयीत अडकली आणि जोडीतली बदलाला सरावली. गोठ्यात नियम सारखे बदलतात. नवी गव्हाण, नवं पाणी, नवी माणसं, पुढे यंत्रानं धार काढायचं पार्लर. सोबतीत वाढलेली कालवड तिथे लवकर रुळते आणि खायचं थांबवत नाही.

करवीरकर दादा, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य की एकटं वासरू बघायला सोपं. पण दोघांत बघणंही अवघड नाही. दूध पाजताना दोघांची शेपटी उचलून बघायची, हाताला सवय होते. तीनच्या वर गेलं की मग तुम्ही म्हणता तसं होतं. स्वीडनमध्ये सहा ते नऊ वासरांचे गट आणि बारा ते अठरा वासरांचे गट यांची तुलना झाली होती. मोठ्या गटांत फुफ्फुसाचे आजार जास्त आणि वाढ कमी निघाली. युरोपियन युनियनमध्ये आठ आठवड्यांनंतर वासराला एकट्याच्या कप्प्यात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, पशुवैद्यकानं आजारपणामुळे सांगितलं तरच सूट. त्याआधीही एकट्याच्या कप्प्याची भिंत बंद चालत नाही. वासरांना एकमेकांना बघता आणि नाक लावता आलं पाहिजे. २०२३ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेनं याच्याही पुढे जाऊन पहिल्या आठवड्यातच दोन ते सात वासरांचे छोटे गट करावेत असं सुचवलं.

ताई, तुमच्या पत्र्याबद्दल मला काळजी वाटते. पत्रा वारा अडवतो. खाली मूत साचतं, त्याची वाफ नाकात जाते आणि वासरू खोकायला लागतं. हगवणीचे जंतू तर पत्र्याला वळसा घालून जातात. बादली तीच, निपल तेच, आपले हात तेच, गमबूट तेच. मरतूक कमी झाली ती पत्र्यामुळे असं मला वाटत नाही. कप्पे केले तेव्हापासून तुम्ही चीक वेळेवर पाजायला लागला असाल, जागा कोरडी ठेवायला लागला असाल. आठवून बघा. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा वेगळ्या बांधलेल्या वासरांनाही गाठी आल्याच, कारण तो पसरवणाऱ्या माश्या नि डासांना कप्पा कळत नाही.

आता चोखण्याचं. सासऱ्यांची भीती खरी आहे आणि तिच्यावर इलाजही आहे. वासराला दुधाची चव लागली की ओढायची इच्छा उसळते आणि साधारण दहा मिनिटं टिकते. तुमचं वासरू बादलीतलं दीड लिटर मिनिटभरात संपवतं. उरलेली नऊ मिनिटं ते काय ओढणार? शेजारच्याचा कान, बेंबी, सड. म्हणून दूध निपलनं पाजा. दूध संपल्यावर रिकामं निपल लगेच ओढून घेऊ नका, दहा मिनिटं तसंच राहू द्या. त्यानंतर तोंडात मूठभर खुराक द्या. भोकं मोठी झालेलं निपल बदला, त्यातून दूध नुसतं वाहतं. एवढं करूनही एखादं वासरू चोखतच राहिलं तर त्याला पाजल्यानंतर तासभर जाळीपलीकडे ठेवायचं.

आणि दूध वाढवा, ताई. हे मी हात जोडून सांगते. ३० किलोच्या वासराला तीन लिटर म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा, त्यात ते जेमतेम जगतं. पाच-सहा लिटरवर न्या, हळूहळू, आठवडाभरात. उपाशी वासरांची जोडी लावली तर ती भांडतील आणि चोखतील, आणि नाव जोडीचं खराब होईल. खर्चाचं गणित मला कळतं. रोज तीन लिटर जास्त म्हणजे दोन महिन्यांत १८० लिटर, ३० रुपयांनी धरलं तरी ५,४०० रुपये. पण कालवड माजावर येते ती वजनावर, वयावर नाही. संकरित कालवड साधारण २५० किलोला रेतनाला तयार होते. ते वजन चार महिने उशिरा आलं तर चार महिन्यांचा चारा-खुराक आणि तितके दिवस न मिळालेलं दूध हे सगळं तुमच्याच खिशातून जातं.

खुराक पंधराव्याऐवजी चौथ्या-पाचव्या दिवसापासून ठेवा, मूठभरच, रोज ताजा. शिळा उचलून गाईला टाका. पाणी पहिल्या दिवसापासून. दूध तोडायचं ते तारखेवर नाही. वासरू सलग तीन दिवस रोज किलोभर काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा खुराक, खायला लागलं की मगच, तेही आठवड्या-दीड आठवड्यात कमी करत. जोडीत दोघांचं एकाच वेळी तोडा. त्यानंतर निदान दोन आठवडे त्यांची जागा बदलू नका.

घरातला वाद मिटवायचा तर टेप आणा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. घेर ३१ आणि लांबी २७ भरली तर वजन साधारण ३९ किलो. आठ आठवड्यांनी घेर ३६, लांबी ३२ झाली तर ६३ किलो, म्हणजे दिवसाला ४२० ग्रॅमच्या आसपास वाढ. लहान वासरात हे सूत्र थोडं इकडेतिकडे होतं, पण एकाच माणसानं, एकाच टेपनं, सकाळी दूध पाजायच्या आधी मोजलं तर तुलना चोख मिळते. भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, सासरे आणि दीर दोघांना दिसेल असं.

हॅमिल्टनहून

मी मूळचा इंदापूरचा, सध्या न्यूझीलंडमध्ये वायकाटो भागात दूधगोठ्यावर काम करतो. इथे वासरं सर्रास गटातच वाढतात, एका कप्प्यात दहा-बारा, प्रत्येकाला वेगळं निपल असलेल्या लांब टपातून दूध. खाली लाकडाच्या चिपा. पण ताईंनी हे बघून मोठा गट करू नये. इथे गाई जुलै ते सप्टेंबरमध्ये एकदम वितात, त्यामुळे एका कप्प्यात एकाच आठवड्यातली वासरं भरता येतात, आणि हंगाम संपला की शेड पूर्ण रिकामी राहते. हळू पिणारी वासरं वेगळी काढून त्यांचा वेगळा कप्पा करतात, नाहीतर दांडगी वासरं स्वतःचं संपवून त्यांच्या निपलवर जातात. आपल्याकडे गाई वर्षभर वितात, १४ गाईंत एका वयाची वासरं मिळणं हीच खरी अडचण आहे. माणदेशी ताईंनी त्यावर लिहावं.

पारनेरची गोठेवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. माणदेशी ताई, तुमचं उत्तर घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. सासऱ्यांनी निपलची गोष्ट दोनदा वाचायला लावली. चीक वेळेवर पाजायला लागलो ते कप्पे केले त्याच सुमारास, हेही त्यांनीच आठवलं.

दादांनी म्हटलंय तीच माझी शंका. ९ आणि २० दिवसांची जोडी होईल का? अडीच महिन्यांच्या कालवडीचं काय करू, तिचं दूध नुकतंच तोडलंय. पुढची गाय थेट श्रावणात विणार, ते वासरू एकटंच पडेल. आणि आता पाऊस सुरू होतोय, जागा कोरडी कशी ठेवायची?

माणदेशी

९ आणि २० दिवसांची जोडी छान होईल. दोन-तीन आठवड्यांचं अंतर चालतं. मधला पत्रा काढा, तुमचे दोन कप्पे मिळून आठ बाय पाच म्हणजे ४० चौरस फूट होतात. युरोपचा नियम लहान वासराला कमीत कमी १६ चौरस फूट मागतो, म्हणजे दूध तोडेपर्यंत जागा पुरेल. निपलं दोन टोकांना लावा आणि पाजताना दोघींच्या डोक्यांमध्ये एक फळी आडवी येईल असं करा. मोठी आधी संपवून धाकटीला ढकलते, ते त्यानं थांबतं.

अडीच महिन्यांची कालवड त्या दोघींत मुळीच घालू नका. ती त्यांचा खुराक संपवेल, आणि मोठ्या जनावराच्या पोटातले जंतू धाकट्यांना तिच्याकडूनच मिळतील. ती अजून तिच्याच कप्प्यात असेल तर तिथेच राहू द्या, पण कप्प्याचं तोंड मोठ्या कालवडींच्या वाड्याकडे करून मध्ये जाळी लावा. पंधरा दिवस जाळीतून ओळख होऊ दे. मग वाड्यातली सगळ्यात लहान, गरीब स्वभावाची कालवड दोन-चार दिवस तिच्यासोबत आत ठेवा आणि दोघींना मिळून बाहेर सोडा. वाड्याच्या एका कोपऱ्यात बांबू आडवा बांधा, एवढ्या उंचीवर की लहान कालवड खालून वाकून जाईल आणि मोठीची पाठ अडेल. तिचा खुराक त्या आत ठेवायचा.

श्रावणातल्या वासराला जोडीदार म्हणून गोऱ्हाही चालतो. कुणाची गाय त्या सुमारास विणार असेल तर लक्ष ठेवा, पण बाहेरून वासरू आणायचं तर आपल्या पशुवैद्यकांना दाखवून, दोन-तीन आठवडे लांब ठेवून मगच. गोऱ्हा सहा महिन्यांच्या आत वेगळा करायचा. काहीच जमलं नाही तर पत्र्याऐवजी जाळी लावून ते वासरू या दोघींच्या शेजारी ठेवा. नाक लागतं, एकमेकींकडे बघून खातात. पूर्ण सोबतीइतका फायदा नाही, पण पत्र्याआडच्या एकटेपणापेक्षा कितीतरी चांगलं.

पावसाचं म्हणाल तर खाली मुरूम ठोकून मागच्या बाजूला उतार द्या, वर चांगली वीतभर पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट. रोज सकाळी त्यावर गुडघा टेकून दहा-पंधरा सेकंद बसा. साडी ओली झाली तर वरचा थर काढून नवा टाका. पाण्याची बादली कप्प्याच्या बाहेर टांगा, तोंड बाहेर काढून पिता येईल अशी, म्हणजे सांडलेलं आत येत नाही. पाचट काढल्यावर जमिनीवर चुना मारून ती सुकू द्या. तिसऱ्या आठवड्यानंतर शेणात रक्त किंवा शेंबूड दिसला तर घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना शेण दाखवा. ओल्या जागेत रक्ती हगवण फार लवकर धरते, आणि जोडीतलं एक धरलं की दुसऱ्यालाही औषध लागतं का तेही विचारून घ्या.

जोडी लावाल त्या दिवशी दोघींचा घेर मोजून इथे टाका. दूध तोडायच्या आदल्या दिवशी आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. तुमची कालवड त्या पंधरा दिवसांत बसते की चालू राहते, मला तेच बघायचंय.